बारा व्होल्टचा ट्रॅक्टर

रिमोटवरच्या हौशी गाड्यांमध्ये मानाचं पान जपानच्या तामिया कंपनीला. शिझुओकाच्या या कंपनीने १९७६ साली पोर्श ९३४ ही गाडी बारापट लहान करून रेडिओवर पळवली, आणि ‘मुलांचं खेळणं’ मोठ्या माणसांनी हातात घेतलं. तिचा प्रत्येक भाग सुटा करता येई, दुरुस्त करता येई. तयार खेळणं आणि हौशी गाडी यांतला खरा फरक तोच.

बीड जिल्ह्यातल्या खेड्यांत मात्र पोर्शचं कुणाला काय? इथल्या पोरांच्या हातून घडतो तो ट्रॅक्टर, मागे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला. दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मुकादम, उचल, कोयता हे शब्द इथल्या मुलांच्या कानावर पाटीवरच्या अक्षरांआधी पडतात. मग घरी बनवलेल्या गाडीला स्पॉयलर कशाला असेल? तिला हूक असतो. ट्रॉलीवर चिपाडाचे तुकडे मोळी बांधून रचलेले असतात, आणि बोनेटवर एखादं झोकात लिहिलेलं नाव.

सांगाडा बहुतेक सनबोर्डचा. काहीजण प्लॅस्टिकचा पाइप उभा चिरतात, तापवतात आणि दाबून त्याचा पत्रा करतात. मडगार्डचा बाक त्यातून फार छान येतो. पुढची चाकं वळवायला सर्व्हो, मागची फिरवायला बारा व्होल्टची गिअर मोटार. शर्यतीच्या गाडीला फेरे हवेत, ट्रॅक्टरला ओढ. म्हणून मोटारीचे हजारो फेरे गिअरमधून मिनिटाला शंभराच्या आसपास उतरवले जातात, तेव्हा कुठे दोन ट्रॉल्या हलतात.

रिमोट सहा चॅनेलचा असला तर स्टिअरिंग आणि वेग जाऊनही चार चॅनेल उरतात. त्यांवर हेडलाइट लागतो, ट्रॉली उलटते. पूर्वी २७ मेगाहर्ट्झच्या रिमोटमध्ये क्रिस्टल बदलावे लागत, आणि एकाच क्रिस्टलवरच्या दोन गाड्या एकमेकींचे हुकूम ऐकत. आता २.४ गिगाहर्ट्झवर प्रत्येक रिमोट आपलीच गाडी ओळखतो. भारतात हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ मध्ये परवानामुक्त झाला.

परदेशी किट घ्यायचं म्हटलं तर खिशाला चटका. खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेली, २०२३ मध्ये ७० वर. घरी बनवलेला ट्रॅक्टर बघून संग्राहक नाक मुरडून म्हणेल, सायलेन्सर जाड झालाय, चाकं थोराड आहेत. खरं आहे. पण ही गाडी बिघडली तर पार्सलची वाट बघावी लागत नाही. सनबोर्डचा तुकडा, फेविक्विक आणि तालुक्याच्या दुकानातली सोल्डरिंगची गन एवढ्यावर काम भागतं. संग्राहकाच्या काचेआडच्या गाडीपेक्षा मला हीच जास्त पटते.

खरी पंचाईत वजनाची. लांबी-रुंदी-उंची दहापट कमी केली की वजन हजारपट कमी होतं. दोन टनांचा ट्रॅक्टर हिशेबाने दोन किलोचा व्हायला हवा, पण सनबोर्डचा सांगाडा तेवढाही भरत नाही. मागची चाकं जागीच गरगरतात. शेतकरी खऱ्या ट्रॅक्टरच्या टायरमध्ये पाणी भरतात. इथे मागच्या ॲक्सलवर लोखंडाचे तुकडे बांधतात.

चाकांनी पकड घेतली की दुसरं दुखणं सुरू होतं. भरल्या ट्रॉल्या चढावर ओढताना पुढची चाकं उचलतात आणि स्टिअरिंग हवेत वळत राहतं. कारखान्याच्या रस्त्यावर खऱ्या ट्रॅक्टरचंही हेच होतं. पोरं त्यावर दोन उपाय करतात. बॅटरी सीटखालून काढून बोनेटमध्ये अगदी नाकापाशी नेतात, आणि हुकाची पिन मागच्या ॲक्सलच्याही खाली घेतात.