ब्रीफ लावलं म्हणून धोका लपत नाही

मड म्हणजे निव्वळ मजकुरावर चालणारा, अनेकांनी एकाच वेळी खेळायचा ऑनलाइन खेळ. पहिला मड १९७८ साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी सुरू केला. रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे वाढवला. इथे चित्रं नसतात, जे घडतं ते ओळींतूनच कळतं. गर्दीत लढाई जुंपली की या ओळी इतक्या भराभर सरकतात की वाचताच येत नाहीत. म्हणून त्या आवरणाऱ्या कमांड असतात, आणि त्यांच्याविषयी गैरसमजही भरपूर. १९९३ साली आलेल्या सर्कलमडच्या कोडवर बरेच मड उभे आहेत, म्हणून त्याचीच उदाहरणं घेऊ.

मोठी भीती असते ‘ब्रीफ’ची: ते लावलं तर खोलीतलं काही महत्त्वाचं नजरेतून सुटेल. प्रत्यक्षात गाळला जातो तो फक्त वर्णनाचा परिच्छेद. खोलीचं नाव, पडलेल्या वस्तू, उभी असलेली माणसं आणि राक्षस दिसतच राहतात. ‘लुक’ लिहिलं की वर्णनही मिळतं. कोडमधली एक तरतूद तर मला फार आवडते. पाऊल टाकताच जीव घेणाऱ्या खोलीत, म्हणजे डेथ ट्रॅपमध्ये, ब्रीफ चालू असलं तरी पूर्ण वर्णन छापलं जातं. आपण कशाने मेलो हे खेळाडूला कळायलाच हवं. मात्र झोर्क या मजकुरावर चालणाऱ्या साहसखेळाची सवय असलेल्यांनी सांभाळावं. तिथे ब्रीफमध्येही खोलीच्या पहिल्या भेटीत पूर्ण वर्णन येतं, इथे पहिल्यांदाही येत नाही. अनोळखी भागात ब्रीफ बंद ठेवलेलं बरं.

‘नोटेल’ लावलं की इतरांचे खासगी निरोप थांबतात, आपण मात्र हवं त्याच्याशी बोलू शकतो, असंही अनेकांना वाटतं. तसं नाही. नोटेल चालू असताना तुम्हालाही कुणाला निरोप धाडता येत नाही. तसंच सगळ्यांच्या गप्पांचं गॉसिप चॅनेल बंद करून त्यावर बोलायला गेलात, तर तुम्ही चॅनेलवरच नाही असं उत्तर येतं. नियम रास्त आहे. ऐकायचं नसेल त्याने ऐकवूही नये.

टिनटिन प्लस प्लससारख्या क्लायंटमधला, म्हणजे मडशी जोडून देणाऱ्या आपल्याकडच्या प्रोग्रॅममधला, ‘गॅग’ वेगळा. त्यात सर्व्हरकडून ओळ येतेच, फक्त तुमच्या पडद्यावर दिसत नाही. नोटेल असेल तर निरोप पाठवणाऱ्याला तो पोचला नाही हे कळतं. गॅगमध्ये त्याला वाटतं, तुम्ही निरोप वाचला. आणि लढाईच्या ओळी गॅग केल्या तरी वार बसतातच.

रिकाम्या ओळी गाळणारी ‘कॉम्पॅक्ट’ आणि प्रॉम्प्टमध्ये काय दिसावं ते ठरवणारी ‘डिस्प्ले’ या निव्वळ सजावटीच्या कमांड आहेत, हे मात्र अजिबात पटण्यासारखं नाही. अनेक अंध खेळाडू स्क्रीन रीडर लावून मड खेळतात. प्रत्येक कमांडनंतर येणारे प्रॉम्प्टमधले आकडे त्यांना पुन्हा पुन्हा ऐकावे लागतात. ‘डिस्प्ले नन’ लिहिलं की ती कटकट थांबते, आणि हवे तेव्हा आकडे ‘स्कोअर’मधून मिळतात.

एकाएकी कुणाचेच निरोप येईनासे झाले, तर आधी ‘टॉगल’ लिहून बघा. कोणता स्विच चालू, कोणता बंद, याची यादी समोर येते. नोटेल चालू ठेवून लॉगआउट केलं असेल, तर पुढच्या वेळीही ते चालूच असतं.