माळ्यावरची सुतारी हत्यारे



गावोगावच्या जुन्या घरांत माळ्यावर एखादी लाकडी पेटी असते. तिच्यात आजोबांचा वाकस, दोन-चार पटाश्या, एखादा रंधा, दाते बोथटलेली करवत. खंडेनवमीला पेटी खाली येते, हत्यारांवर हळदकुंकू पडते आणि ती पुन्हा माळ्यावर जाते. मग एखाद्या वर्षी भंगारवाला दारात येऊन काटा लावतो, आणि चांगले पोलाद मोडीच्या भावाने निघून जाते.

हा एक धोका झाला. दुसरा धोका आपल्याच हौसेचा. कोणी उत्साहाने पेटी उघडतो, हत्यारे घासूनपुसून लखलखीत करतो, आणि त्या भरात ती कायमची निकामी करतो. म्हणून आज एवढेच सांगायचे आहे, की आधी ओळख करून घ्यावी, मग हात लावावा.

ओळख पात्यापासून सुरू करू या. पूर्वी पोलाद महाग असे. त्यामुळे लोहार सबंध पाते पोलादाचे न करता मऊ लोखंडाला धारेपुरती पोलादाची पट्टी तापवून, ठोकून जोडीत. हे ओळखायला सोपे आहे. पटाशीच्या धारेचा उतार निसण्यावर थोडा घासून उजेडात धरा. वरचा भाग मंद राखी दिसेल आणि धारेलगत चकचकीत पट्टा दिसेल. दोहोंमधली रेघ हा सांधा. पोलादाचा थर उताराच्या विरुद्ध, सपाट अंगाला असतो. तो किती उरला आहे, त्यावर हत्याराचे आयुष्य ठरते. थर सरला असेल, तर कितीही धार लावा, ती टिकायची नाही.

दुसरी ओळख छापाची. गावच्या लोहाराने घडवलेल्या हत्याराची जाडी थोडी कमीजास्त असते, अंगावर घणाचे घाव दिसतात, आणि छाप बहुधा नसतोच. विलायती पात्यावर मात्र इंग्लंडमधल्या शेफील्ड शहराचे नाव आणि पुष्कळदा ‘कास्ट स्टील’ हे शब्द आढळतात. ‘कास्ट’ म्हटले की आपल्याला बीड आठवते, पण हे बीड नव्हे. मुशीत वितळवून ओतलेले हे उत्तम पोलाद होय. बेंजामिन हंट्समन याने १७४० च्या सुमारास शेफील्डजवळ ही रीत बसवली. मुशीत पोलाद करण्याची विद्या दक्षिण भारतात मात्र त्याच्या कितीतरी शतके आधीपासून होती.

क्वचित बिडाचा अमेरिकन रंधाही सापडतो. स्टॅन्ले कंपनीच्या काही रंध्यांवर पाते आणि मूठ यांच्या मध्ये, बिडाच्या तळावर, तीन तारखा असतात: २५ मार्च १९०२, १९ ऑगस्ट १९०२ आणि १९ एप्रिल १९१०. या पेटंटच्या तारखा आहेत. त्यांवरून रंधा १९०२ चा ठरत नाही. तो १९१० च्या आधीचा नाही, एवढेच निश्चित होते. शिक्षकांनी मुलांना हे जरूर दाखवावे. पुरावा किती सांगतो आणि कुठे थांबतो, याचा हा सुंदर धडा आहे.

करवतीचे दातेही पाहा. आपल्या जुन्या करवतींचे दाते पुष्कळदा मुठीकडे कललेले असतात, म्हणजे ती ओढताना कापते. विलायती करवत ढकलताना कापते. हे न ओळखता दाते कानशीने उलट घासले, तर करवतीची जातच बदलते.

आता दुरुस्ती. पहिला नियम असा, की हत्यार विस्तवात घालू नये. वाकसाचा किंवा कुऱ्हाडीचा दांडा मोडला की नेढ्यात अडकलेला तुकडा जाळून काढण्याची पुष्कळांना सवय असते. त्या आचेने पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि धार मऊ पडते. तुकड्याला गिरमिटाने भोके पाडून तो ठोकून काढावा.

गंजासाठी हत्यार रात्रभर रॉकेलात किंवा डिझेलात ठेवावे आणि सकाळी काथ्याने घासावे. जवळपास विस्तव मात्र नसावा. तांबडा गंज काढायचा. खालचा काळसर थर राहू द्यायचा, तो धातूला इजा करीत नाही. छापावर तर हात फारच हलका ठेवा. गंज जाड असला तर व्हिनेगरमध्ये दिवसभर ठेवून चालते, पण अधूनमधून बघत जा. नंतर सोड्याच्या पाण्याने धुऊन, लगेच कोरडे करून तेलाचा हात फिरवावा.

धारेच्या बाबतीत मी स्वतः फसलो आहे. मला मिळालेली एक जुनी पटाशी मी विजेच्या सहाणेवर धरली. क्षणात टोक पिवळे, मग जांभळे, मग निळे झाले. रंग छान आला म्हणून मी खूश! गल्लीतल्या म्हाताऱ्या सुतारकाकांना दाखवली, तर ते म्हणाले, “मास्तर, जीव घेतलात की हो तिचा.” पोलाद सुमारे तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापले की निळे होते, आणि सुताराच्या धारेला लागणारा कठीणपणा उरत नाही. निळा भाग घासून टाकावा लागला, आणि अर्धा बोट चांगले पोलाद गेले. म्हणून धार हातानेच, पाण्याच्या निसण्यावर लावावी. आधी सपाट अंग सपाट करावे, मग उतार घासावा. उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या सव्वादोन ते अडीचपट ठेवली, की साधारण पंचवीस अंशांचा कोन येतो.

लाकडी रंध्याला जवसाचे तेल पातळ चोळून पुसून घ्यावे. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा मात्र कोपऱ्यात टाकू नका. तो आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवाव्यात. दांडा बाभळीचा, पण पुरता वाळलेला घ्यावा आणि पाचर मारून पक्का करावा. ढिला दांडा पाण्यात भिजवून घट्ट होतो खरा, पण वाळला की पुन्हा निसटतो, आणि वाकस निसटला म्हणजे पायाशी गाठ असते.

शेवटी एक वही ठेवा. हत्यार कोणाचे, कोणी घडवले, त्याने कोणत्या घराची दारे, कोणाच्या गाडीची चाके झाली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून घ्या. पाते पुन्हा घासता येते, पण ही माहिती देणारा माणूस गेला की ती परत मिळत नाही. आणि येत्या खंडेनवमीला हळदकुंकू वाहण्याआधी तो रंधा सागाच्या फळीवर एकदा चालवून पाहा. पातळ, अखंड साल निघाली, की पेटी माळ्यावर चढवू नका; हाताशी ठेवा.