चेंडूच्या पोटात

माझ्या लिहायच्या टेबलावर गोल्फचे दोन चेंडू आहेत. दोन्ही मधोमध कापलेले.

पहिला पुण्याच्या जुन्या बाजारातला. एका रविवारी तिथे पथारीवर गोल्फची जुनी कापडी पिशवी पडलेली दिसली. आत लाकडी डोक्याचा एक ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याची काठी, गंज चढलेली तीन आयर्न आणि तळाशी पाच चेंडू. घरी आणून एका चेंडूचं पांढरं साल ब्लेडने चिरलं, तर आत रबराचा दोरा, ताणून ताणून गुंडाळलेला. पहिला वेढा तुटला आणि चेंडू टेबलावर वळवळायला लागला. तट् तट् करत एकेक वेढा सुटत राहिला. अर्ध्या तासाने समोर दोऱ्याचा भलामोठा गुंता होता, आणि त्यात बोराएवढी रबरी पिशवी. तिच्यात दाट द्रव. पिशवीतला आणखी एक चेंडू मधोमध कापण्याआधी मी व्हर्नियरने मोजला. व्यास ४१ मिलिमीटरच्या किंचित वर भरला. म्हणजे हा जुना ‘ब्रिटिश चेंडू’. अमेरिकेत ४२.६७ मिलिमीटरपेक्षा लहान चेंडू चालत नसे. सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए या संस्थेचे नियम पाळणाऱ्या देशांत मात्र हा लहान चेंडू १९९० पर्यंत चालायचा. आपल्याकडेही तेव्हा तोच नियम होता.

टेबलावरचा दुसरा चेंडू आजचा. ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून हॅक्सॉने कापून घेतला. त्याच्यात दोरा नाही, द्रव नाही. खोडरबरासारखा भरीव, घट्ट गाभा, त्याभोवती पातळ कडं, आणि वर नखाहून जेमतेम जाड साल. गेल्या पंचवीस वर्षांत व्यावसायिक गोल्फचं जे झालं, त्याचं मूळ मला या दोन तुकड्यांमधल्या फरकात दिसतं.

आधी काय झालं ते सांगतो. अमेरिकेच्या पीजीए टूरवर १९८० साली ड्रायव्हरच्या फटक्याची सरासरी लांबी होती साधारण २५७ यार्ड. त्या वर्षी सगळ्यांत लांब मारणारा डॅन पोल, त्याची सरासरी २७४. २०२३ साली अख्ख्या टूरची सरासरी ३०० यार्डांना टेकली आणि सगळ्यांत लांब मारणाऱ्या रॉरी मॅकिलरॉयची ३२६ झाली. क्रिकेटची सीमारेषा खेळपट्टीपासून जास्तीत जास्त ९० यार्डांवर असते. मॅकिलरॉयचा रोजचा, नेहमीचा फटका त्याच्या साडेतीन पटीहून लांब जातो, आणि जायचं असतं ते चाळीस पावलं रुंदीच्या फेअरवेच्या हिरवळीवर.

याची नेहमी सांगितली जाणारी कारणं आहेत, ती खोटी नाहीत. हिकरी लाकडाच्या दांड्या जाऊन स्टील आलं, मग ग्रॅफाइट आलं. १९७९ साली गॅरी अॅडम्सच्या टेलरमेडने पर्सिमन लाकडाच्या डोक्याऐवजी धातूचं डोकं विकायला काढलं. १९९१ साली कॅलवेची ‘बिग बर्था’ आली, पुढे टायटॅनियम आलं, आणि २००४ साली डोक्यावर ४६० घन सेंटिमीटरची मर्यादा घालावी लागली. खेळाडू जिममध्ये जायला लागले. रडारने चेंडूचा वेग आणि फिरकी मोजणारी यंत्रं सरावाच्या मैदानावर आली. कोलंबिया विद्यापीठाच्या मार्क ब्रॉडी यांनी लाखो फटक्यांची नोंद तपासून दाखवलं, की अव्वल आणि सामान्य व्यावसायिक यांच्यातला दोन तृतीयांश फरक शंभर यार्डांपलीकडून मारलेल्या फटक्यांत असतो. ‘ड्राइव्ह दिखाव्यासाठी, पट पैशासाठी’ ही जुनी समजूत त्यांनी मोडून काढली. हे सगळं महत्त्वाचं आहेच. पण मला ओढ आहे ती चेंडूची.

सुरुवातीला चेंडू पिसांचा होता. ओल्या चामड्याच्या शिवलेल्या पिशवीत हंसाची उकडलेली पिसं कोंबायची, उंच टोपीभर पिसं एका चेंडूत. वाळताना चामडं आक्रसे, पिसं फुगत, आणि दगडासारखा टणक गोळा तयार होई. कसबी कारागिराचे दिवसाला तीन-चारच चेंडू व्हायचे. सेंट अँड्र्यूजचा अॅलन रॉबर्टसन यातला उस्ताद, आणि त्याच्या हाताखाली टॉम मॉरिस. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू आला, स्वस्त, पाण्याला न घाबरणारा. रॉबर्टसनच्या पोटावरच पाय आला. झुडपात सापडलेले गटापर्चाचे चेंडू पोरांकडून विकत घेऊन तो जाळायचा, असं सांगतात. एकदा खेळताना मॉरिसचे पिसांचे चेंडू संपले, त्याने सोबत्याकडून गटापर्चाचा चेंडू उसना घेतला, आणि ते रॉबर्टसनला कळलं. दोघांचं फाटलं. मॉरिस प्रेस्टविकला गेला आणि तिथेच १८६० साली पहिली ‘ओपन’ स्पर्धा झाली. चेंडूवरून होणारी भांडणं इतकी जुनी आहेत.

गटापर्चा हा मलाया-सुमात्राकडच्या झाडाचा चीक. गरम पाण्यात मऊ होतो, गार झाला की घट्ट. स्कॉटलंडमध्ये एक दंतकथा फार लाडकी आहे: हिंदुस्थानातून तिकडे पाठवलेली विष्णूची मूर्ती फुटू नये म्हणून भोवती गटापर्चाचे तुकडे भरले होते आणि त्या तुकड्यांतून पहिला चेंडू वळला गेला. खरीखोटी कोण जाणे, पण मला ही गोष्ट सोडवत नाही. हाच चीक समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलवर चढवला जायचा. १८७० साली मुंबईला विलायतेशी जोडणारी केबलही गटापर्चानेच मढवलेली होती. चीक काढायला झाडंच तोडत, त्यामुळे जंगलंच्या जंगलं संपली. आणि वाचकहो, तुमचं रूट कॅनल झालं असेल, तर दाताच्या मुळात डॉक्टरांनी जी गुलाबी काडी भरली, तीही बहुधा गटापर्चाचीच.

हा चेंडू नवा, गुळगुळीत असताना नीट उडत नसे. चार फटके खाऊन ओरखडे पडले की लांब जाई. कॅडींना हे आधी कळलं. मग कारागीर हातोडीनेच नवीन चेंडूवर खुणा पाडायला लागले. विज्ञानाने कारण नंतर सांगितलं. गुळगुळीत चेंडूच्या मागे हवेचा मोठा, रिकामा खळगा तयार होतो आणि तो चेंडूला मागे ओढतो. खाचा असल्या की पृष्ठभागाजवळची हवा घुसळली जाते, चेंडूला जास्त चिकटून मागपर्यंत जाते, खळगा लहान होतो आणि ओढ जवळपास निम्मी होते. एडिंबरा विद्यापीठाचे प्राध्यापक टेट यांनी १८९० च्या दशकात फिरकीचा दुसरा भाग उलगडला: चेंडू उलटा फिरत गेला तर हवा त्याला वर उचलून धरते. त्यांचा मुलगा फ्रेडी ब्रिटनच्या हौशी स्पर्धेचा दोनदा विजेता होता. बापाने गणितं मांडली, मुलाने फटके मारले. १९०० साली फ्रेडी बोअर युद्धात मारला गेला.

सेंट अँड्र्यूजला मी एकदाच गेलोय, रविवार होता. रविवारी जुन्या कोर्सवर गोल्फ बंद असतं. जमीन सार्वजनिक, त्यामुळे लोक कुत्री घेऊन फिरत होते, एक आजी अठराव्या होलच्या हिरवळीवरून बाबागाडी ढकलत चालल्या होत्या. स्विल्कन ओढ्यावरच्या दगडी पुलावर उभा राहून मी समोर पाहिलं. अठरावं होल ३५७ यार्डांचं. उजवीकडे रस्ता आणि घरं, मागे थेट गाव. पडक्या कॅथेड्रलच्या आवारात टॉम मॉरिसची कबर आहे, ८६ वर्षं जगला तो, पिसांपासून दोऱ्यापर्यंत तिन्ही चेंडू पाहिले त्याने. संग्रहालयात काचेमागे पिसांचा चेंडू होता. त्याची शिवण इतकी बारीक, की मी काचेला नाक लावून पाहत राहिलो.

दोऱ्याच्या चेंडूची कथा अमेरिकेतली. १८९८ साली कोबर्न हॅस्केल ओहायोतल्या अॅक्रन गावी गुडरिचच्या रबर कारखान्यात मित्राला भेटायला गेला. वाट बघताना पडलेला रबरी दोरा गुंडाळत बसला, त्याचा गोळा केला, आपटला, तर तो टणकन छताकडे उडाला. १९०२ च्या ओपनला हॉयलेकला सँडी हर्डने हॅस्केल चेंडू वापरला आणि हॅरी व्हार्डनला एका फटक्याने मागे टाकलं. एकच चेंडू चारही फेऱ्या, शेवटी सालीतून दोरा बाहेर आलेला, असं म्हणतात. लवकरच गटापर्चा संपला. १९०५ साली लेस्टरच्या विल्यम टेलरने उंचवट्यांऐवजी खळग्यांचं पेटंट मागितलं आणि चेंडूला आजचा चेहरा मिळाला.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं व्यावसायिक खेळाडू दोऱ्याच्या चेंडूवरच राहिले. याचं कारण समजून घ्यायला हवं. दोऱ्यावर बलाटा या चिकाची मऊ साल असलेला चेंडू ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीवर, पडला की फिरकीने थांबायचा. पण ड्रायव्हरच्या फटक्यालाही तो तितकाच गरगर फिरायचा. जास्त उलटी फिरकी म्हणजे चेंडू फुग्यासारखा वर चढतो आणि लांबी हरवतो. शिवाय थोडं तिरकं लागलं तरी बाजूची फिरकी त्याला झाडीत घेऊन जायची. म्हणून जॅक निक्लॉससारखे त्या काळचे ताकदवान खेळाडूही जोर राखून मारायचे. खरा जोर त्यांनी लावला की काय व्हायचं, तेही नोंदलेलं आहे: १९६३ साली डॅलसला लांब फटक्यांच्या स्पर्धेत निक्लॉसने लाकडी ड्रायव्हरने ३४१ यार्ड १७ इंच चेंडू नेला. ताकद तेव्हाही होती. ती दर होलला वापरणं परवडत नव्हतं. भरीव, कडक सालीचे चेंडू बाजारात होते, लांब जायचे, पण ग्रीनवर थांबत नसत. ते आमच्यासारख्या हौशी लोकांसाठी.

मग ही दोन्ही गुणांची मोट बांधली गेली. भरीव गाभा, त्यावर कडक कडं, वर युरेथेनची पातळ मऊ साल. ड्रायव्हरचा घणाघात चेंडूला गाभ्यापर्यंत दाबतो, तिथे फिरकी कमी आणि वेग जास्त. वेजचा, म्हणजे जवळून मारायच्या काठीचा, हलका फटका सालीपुरताच राहतो. क्लबवरच्या खोबणी ती मऊ साल कडक कड्यावर चिमटीत धरतात आणि चेंडू भरपूर फिरतो. क्लब आणि चेंडूची भेट सेकंदाच्या दोन हजाराव्या हिश्शाएवढीच, आणि तेवढ्यात एकच चेंडू दोन वेगळ्या चेंडूंसारखा वागतो. मला ही गोष्ट अजूनही थक्क करते.

मे २००० मध्ये जर्मनीत टायगर वुड्सने दोऱ्याचा चेंडू सोडून भरीव चेंडू घेतला. जूनमध्ये पेबल बीचला तो यूएस ओपन १५ फटक्यांनी जिंकला. ऑक्टोबरमध्ये लास वेगासला टायटलिस्ट कंपनीने प्रो व्ही वन हा भरीव चेंडू आणला आणि पहिल्याच आठवड्यात ४७ खेळाडूंनी तो टीवर ठेवला. दोऱ्याचा चेंडू बघता बघता दिसेनासा झाला. आकडे पाहा. १९८० ते १९९३ या तेरा वर्षांत टूरची सरासरी २५७ वरून २६० झाली. टायटॅनियमच्या सात वर्षांत, २००० पर्यंत, २७३. आणि पुढच्या तीनच वर्षांत २८६. त्या तीन वर्षांत ड्रायव्हरची डोकीही फुगत होती हे मला मान्य आहे. पण डोकं सात वर्षांत जेवढं देऊ शकलं, तेवढं चेंडू सोबतीला येताच तीन वर्षांत मिळालं.

यातून नवी पिढी घडली. तिरक्या फटक्याची शिक्षा कमी झाली, तेव्हा मुलांना लहानपणापासून ‘आधी जोरात मार, सरळ नंतर शिकू’ असं शिकवणं शहाणपणाचं ठरलं. ब्रायसन डीशॅम्बो हा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी त्याचं टोक. शरीर वाढवून तो २०२० च्या यूएस ओपनला विंग्ड फूटला उतरला. अरुंद फेअरवे, घोट्यापर्यंत गवत. ५६ पैकी २३ फेअरवेच त्याला सापडले आणि तरी तो सहा फटक्यांनी जिंकला, पारखाली, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा कमी फटक्यांत, संपवणारा एकटा. गवतातून का होईना, पण ग्रीनच्या जवळून खेळायचं, हा हिशेब. पुढच्या वर्षी बे हिलच्या सहाव्या होलला त्याने तळ्यावरून ३७० यार्ड चेंडू नेला आणि चेंडू पाण्यापलीकडे जातोय हे कळताच दोन्ही हात वर केले. तो क्षण मी पहाटे जागून पाहिला. अंगावर काटा आला होता, हे लपवत नाही.

पण किंमत मैदानं मोजतात. अमेरिकेतलं ऑगस्टाचं मैदान १९९७ साली ६,९२५ यार्डांचं होतं. आता साडेसात हजारांवर गेलंय. २०२३ साली तेराव्या होलची टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, ३५ यार्ड मागे नेली. सेंट अँड्र्यूजच्या जुन्या कोर्सच्या काही टी शेजारच्या कोर्सच्या जागेत गेल्या, सतरावं ‘रोड होल’ २०१० साली ४० यार्डांनी लांबवलं. जास्त जमीन, जास्त पाणी, जास्त गवत कापणं, आणि फेरीला जास्त वेळ. हे मोजक्या श्रीमंत मैदानांना जमतं. बाकीची जुनी, सुंदर मैदानं मोठ्या स्पर्धांसाठी बाद होतात, आणि याचं मला खरंच दुःख आहे. ज्या बंकरने शंभर वर्षं उत्तम खेळाडूंना विचार करायला लावला, त्याच्यावरून आज चेंडू न बघता जातो.

निक्लॉस गेली कित्येक दशकं हेच सांगतोय की चेंडू आवरा. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेची नियम ठरवणारी संस्था यूएसजीए आणि आर अँड ए यांनी तसा नियम जाहीर केला. चेंडूची चाचणी यंत्राने होते. ठरलेल्या वेगाने मारल्यावर तो ३१७ यार्ड आणि वर तीन यार्डांची सूट, एवढ्यापलीकडे जाता कामा नये. आकडा तोच ठेवला, क्लबचा वेग मात्र ताशी १२० मैलांवरून १२५ केला. म्हणजे आजचे बरेच चेंडू नापास. सर्वांत लांब मारणाऱ्यांचे १३ ते १५ यार्ड कमी होतील, हौशी माणसाचे पाच किंवा त्याहून कमी, असा त्यांचा अंदाज. तेव्हा ठरलेलं वेळापत्रक होतं व्यावसायिकांसाठी २०२८ आणि बाकीच्यांसाठी २०३०. चेंडू बनवणाऱ्या कंपन्यांचा विरोध आहे, अनेक खेळाडूंचाही. प्रेक्षकांना लांब फटकेच हवेत, असं ते म्हणतात.

मला हा नियम योग्य वाटतो, पण अपुरा आणि वीस वर्षं उशिरा आलेला. १५ यार्ड म्हणजे मॅकिलरॉय पुन्हा ३११ वर, जॉन डॅलीने १९९७ साली टूरवर पहिल्यांदा ३०० ची सरासरी ओलांडली त्याच्याही पुढेच. २००१ साली, ४७ खेळाडूंनी चेंडू बदलल्यानंतर लगेच, हा नियम झाला असता तर ऑगस्टाच्या तेराव्या होलची टी जागची हलवावी लागली नसती.

तुमच्या घरी माळ्यावर कुणा काकांची, आजोबांची गोल्फची जुनी पिशवी असेल, तर ती भंगारात देऊ नका. तळाशी दोऱ्याचा चेंडू असेलच. एक कापून पाहा, पण डोळ्यांवर चष्मा लावून. आतला द्रव उडतो. बाकीचे जपून ठेवा. ते आता कुणी बनवत नाही.