साठ टक्क्यांचा पाय

लाकडाचा पाय हा किती टक्के पाय असतो? प्रश्न विचित्र वाटेल, पण संगणकावरच्या एका खेळाने त्याचे नेमके उत्तर देऊन ठेवले आहे. ६० टक्के. कार्यशाळेत घडवलेला साधा पोलादी पाय ८५ टक्के. आणि भविष्यकाळातल्या तंत्राने बनवलेला पाय १२५ टक्के, म्हणजे आईच्या पोटातून घेऊन आलेल्या पायापेक्षाही सव्वापट सरस!

टक्के हा माझा जुना विषय. आयुष्याची उमेदीची वर्षे बँकेत गेली. व्याजाचे टक्के, वसुलीचे टक्के, थकबाकीचे टक्के यांतच मान वर काढायला सवड मिळाली नाही. निवृत्तीनंतर कादंबऱ्यांत रमलो, तेव्हा वाटले होते की आता हा शब्द पुन्हा भेटायचा नाही. तो भेटला तो असा, एका खेळात, आणि तोही माणसाच्या हातापायांना लावलेला.

खेळाचे नाव ‘रिमवर्ल्ड’. टायनन सिल्व्हेस्टर हा त्याचा कॅनडातला कर्ता आणि ल्यूडियन स्टुडिओज ही त्याची संस्था. २०१३ साली हा खेळ लोकांपुढे आला, पुढे सुधारत गेला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. माझ्या नातवाने तो माझ्या संगणकावर घालून दिला. “आजोबा, तुम्हाला आवडेल. यात माणसं सारखी एकमेकांशी भांडतात,” एवढीच त्याची शिफारस. कादंबरीकाराला याहून अधिक काय हवे?

माणसाला ठाऊक असलेल्या अवकाशाच्या अगदी कडेला एक ग्रह आहे. तिथे एक यान कोसळते. नेहमीच्या डावात तीन माणसे वाचतात. त्यांच्यासाठी छप्पर उभारायचे, शेत लावायचे, थंडीपासून त्यांना जपायचे, आजारपणात शुश्रूषा करायची. प्रत्येकाला भूतकाळ आहे, आवडीनिवडी आहेत, हेकेखोरपणाही आहे. कर्त्याने या खेळाला गोष्टी जन्माला घालणारे यंत्र म्हटले आहे, आणि ते खरे आहे. मी इथे तो आणला आहे तो मात्र त्यातल्या एका लहानशा गोष्टीसाठी.

या वसाहतीत माणसे जखमी होतात. दरोडेखोर येतात, पिसाळलेली जनावरे अंगावर येतात. कडाक्याच्या थंडीत बोटे झडतात. जखम चिघळली तर डॉक्टरला पाय कापून टाकण्याचा निर्णय घ्यावा लागतो, नाहीतर माणूस जातो. एक पाय गेलेला माणूस निम्म्या वेगाने फरफटत चालतो. दोन्ही गेले तर खाटेला खिळतो. त्याला भरवावे लागते, आणि सहा माणसांच्या वसाहतीत एक जण खाटेवर आणि दुसरा त्याच्या उशाशी म्हणजे पेरणी राहिलीच म्हणून समजा.

अशा वेळी कामाला येतो तो लाकडी पाय. त्याला संशोधन लागत नाही, यंत्र लागत नाही. लाकूड, थोडे औषध आणि हात न थरथरणारा डॉक्टर एवढ्यावर काम भागते. निम्म्यावर आलेली चाल पुन्हा ८० टक्क्यांवर जाते. पुढे पोलाद आणि सुटे भाग जमले, विद्या आली, की लाकडी काढून पोलादी बसवता येतो. त्याही पुढे, दैवाने साथ दिली तर, सव्वापट सरस पाय. शिडीच आहे ही, आणि तिची पहिली पायरी जमिनीला टेकलेली आहे. माणूस आज उभा राहतो, उद्याचे उद्या पाहता येते.

आणखी एक बारकावा पाहा. साध्या पोलादी पायाला ८५ टक्के, पण साध्या कृत्रिम हाताला फक्त ५०. खेळ करणाऱ्याची नजर इथे दिसते. पायाचे मुख्य काम भार पेलण्याचे आणि पुढे नेण्याचे. हात मात्र धरतो, सोडतो, चाचपतो, सुईत दोरा ओवतो. पायाची नक्कल त्या मानाने सोपी, हाताची फार अवघड. प्रत्यक्षातही कृत्रिम हात मिळालेली कितीतरी माणसे काही दिवसांनी तो खुंटीला टांगून उरल्या हातावर संसार करतात.

तसा हा विषय माणसाइतकाच जुना. ऋग्वेदात विश्पलेची कथा येते. लढाईत तिचा पाय तुटला आणि अश्विनीकुमारांनी तिला लोखंडी पाय बसवला. तो मखरात बसवण्यासाठी नव्हे, तिला पुन्हा धावता यावे म्हणून. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ साली, जेम्स हँगर नावाच्या कोवळ्या वयाच्या सैनिकाचा पाय तोफगोळ्याने गेला. घरी परतल्यावर त्याने पिंपाच्या लाकडी फळ्या तासून स्वतःच स्वतःचा पाय घडवला, आणि पुढे त्यातूनच कृत्रिम अवयवांचा मोठा कारखाना उभा राहिला. गरज आणि हाताशी असलेले लाकूड यांची गाठ पडली की काय होते, ते रिमवर्ल्डच्या आधी दीडशे वर्षे घडून गेलेले आहे.

आपल्याकडे ही गाठ जयपूरला पडली. १९६८ च्या सुमारास तिथल्या सवाई मानसिंह रुग्णालयात अस्थिशल्यतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी आणि ‘मास्टरजी’ म्हणून ओळखले जाणारे कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जे पाऊल घडवले, तेच ‘जयपूर फूट’. तोवर आपल्याकडे मिळणारे पाऊल परदेशी धाटणीचे होते. ते ताठ होते, बुटात घालायचे होते आणि खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी होते. आपला माणूस मांडी घालतो, उकिडवा बसतो, चिखलात उतरतो आणि देवळाबाहेर चप्पल काढतो. त्या पावलाला यातले काहीच झेपत नव्हते. जयपूरचे पाऊल रबर आणि लाकडाचे. ते घोट्यात वळते, अनवाणी चालते, पाण्यात भिजले तरी बिघडत नाही. भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून असे पाय विनामूल्य बसवत आली आहे, आणि डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अपघातात पाय गमावलेली मुंबईची सुधा चंद्रन हाच पाय लावून १९८४ मध्ये पुन्हा रंगमंचावर नाचली, हे अनेकांना आठवत असेल.

मला मात्र जयपूर फूट म्हटले की नर्तिका आठवत नाही, म्हैस आठवते.

१९९० च्या आसपास मी एका ग्रामीण शाखेत होतो. साखरपट्ट्यातले गाव. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली दुभत्या जनावरांसाठी कर्जे दिली जात. एके दिवशी एक अर्जदार आला. उसाच्या ट्रॉलीखाली सापडून त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला होता. तालुक्याच्या शिबिरात जयपूर फूट मिळाला होता. अर्ज म्हशीसाठी होता. आमच्या शाखेत कुजबुज सुरू झाली: याला म्हैस देऊन काय उपयोग, धार कोण काढणार? सिव्हिल सर्जनचा दाखला अर्जाला जोडलेला होता. त्यावर अपंगत्वाचे टक्के लिहिलेले होते आणि सगळ्यांचे डोळे त्या आकड्यावर खिळले होते.

कुजबुज त्याच्याही कानावर गेली असावी. तो काही बोलला नाही. माझ्या टेबलासमोरून दोन पावले मागे सरला, धोतर आवरले आणि शाखेच्या फरशीवर सरळ उकिडवा बसला. गुडघ्यांत नसलेली बादली धरली आणि नसलेल्या म्हशीची धार काढायला लागला. मग मान वर करून म्हणाला, “साहेब, पाय गेला त्याचं एवढं काय न्हाई. सा म्हैनं बसाया येत न्हवतं, त्येचं लई वंगाळ वाटलं.”

मी तपासणी अहवालात लिहिले, ‘अर्जदार उकिडवा बसू शकतो व धार काढू शकतो.’ कर्ज मंजूर झाले आणि हप्ते वेळेवर आले. यात माझा मोठेपणा नाही, त्याने पुरावाच समोर मांडला होता. पण आकड्याने सांगितलेला माणूस आणि फरशीवर बसलेला माणूस यांतले अंतर मी त्या दिवशी पाहिले, ते विसरलो नाही.

टक्के लावण्याची ही रीत खेळाने शोधलेली नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट होते. कोणता अवयव गेला म्हणजे कमाईची ताकद किती टक्के घटली, याची ती यादी. अंगठा गेला तर ३० टक्के. असा आकडा लागतो, हे मीही मान्य करतो. भरपाई द्यायची तर हिशेब हवा, सवलत द्यायची तर रेषा हवी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही बऱ्याच सवलतींसाठी ४० टक्क्यांची रेषा आहेच. प्रश्न एवढाच, की आकडा कशाला लावायचा? पायाला की माणसाला?

इथे रिमवर्ल्डने मला चकित केले. त्यात ६० टक्के आहेत ते पायाचे. त्या माणसाचे स्वयंपाकाचे कसब हात आणि डोळे यांवर चालते, म्हणून लाकडी पायाचा स्वयंपाकी पूर्वीइतकाच चांगला स्वयंपाक करतो. त्याला चुलीपर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो, इतकेच. आमच्या शाखेतल्या कुजबुजीपेक्षा हा हिशेब अधिक सभ्य आहे.

अर्थात खेळ तो खेळच. तिथे पाय बसवला, जखम भरली की माणूस चालू लागतो. प्रत्यक्षात तसे होत नाही. उरलेला भाग सुजतो, मग आक्रसतो, आणि काल घट्ट बसलेली वाटी आज सैल होते. घर्षणाने कातडी सोलवटते. तोल सावरायला नव्याने शिकावे लागते. तुटून गेलेल्या पायाची बोटे रात्री दुखतात, आणि खाजवायला बोटेच नसतात. मूल असेल तर ते वाढते आणि पाय तोकडा पडतो. रबर झिजते, पट्टे तुटतात. कृत्रिम पाय ही एकदा देऊन टाकायची वस्तू नाही. ती सायकलीसारखी सतत दुरुस्ती मागणारी गोष्ट आहे.

खेळाची दुसरी उणीव अधिक बोचरी. कैद्यांना लाकडी पाय बसवायचे, काढायचे, पुन्हा बसवायचे आणि त्यावर आपल्या डॉक्टरचा हात साफ करून घ्यायचा, अशी युक्ती खेळणाऱ्यांनी शोधून काढली आहे. नातवाने ती मला हसत हसत सांगितली. मी हसलो नाही. आकडा वाढवणे हेच ध्येय झाले की त्या खाटेवर माणूस आहे हे दिसेनासे होते. आणि हे केवळ पडद्यावर घडते असे म्हणवत नाही. आपल्याकडची शिबिरेही ‘इतके पाय वाटले’ या आकड्यानेच ओळखली जातात. मांडव पडतो, हार घातले जातात, छायाचित्र निघते. शिबिर भरवणाऱ्यांची तळमळ खरी असते, याविषयी मला शंका नाही. पण दोन वर्षांनी वाटी सैल झाली तर तो माणूस कुठे जातो, हे कोण लिहून ठेवते? बँकेत आम्ही कर्ज दिल्यावर जनावर जिवंत आहे की नाही, हे पाहायला गावोगाव फिरत असू. पाय दिल्यावर तेवढी तरी चौकशी व्हायला नको का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात २५० कोटींहून अधिक लोकांना काही ना काही साहाय्यक साधनाची गरज आहे. चष्म्यापासून चाकाच्या खुर्चीपर्यंत सारे त्यात आले. गरीब देशांत ती गरज फार थोड्यांची भागते. अशा जगात संगणकीय गुडघे आणि विजेवर चालणारे हात यांच्या बातम्या वाचून साध्या पायाला नाके मुरडणे आपल्याला परवडणारे नाही. पण साधा पाय मिळाला म्हणजे प्रश्न मिटला, असे मानणेही तितकेच चुकीचे. गरिबाला पहिली पायरी पुरे, हा विचार दिसायला दयाळू असतो, पण आत कुठेतरी तुच्छतेचा असतो.

रिमवर्ल्डमध्ये मी माझ्या एका माणसाला लाकडी पाय बसवला, तेव्हा त्याच्या नावापुढे पोलादी पायाची नोंद त्याच वेळी करून ठेवली. जुनी सवय, कर्ज दिले की पुढच्या भेटीची तारीख आम्ही त्याच दिवशी वहीत लिहीत असू. शिबिराच्या मांडवात पाय देताना प्रत्येकाच्या हाती अशी एक तारीख दिली जावी, आणि त्या तारखेला तालुक्याच्या गावी वाटी घासून, पट्टा बदलून देणारा एक कारागीर बसलेला असावा. एवढे झाले तर त्या पायाला किती टक्के द्यायचे हा प्रश्न मी आनंदाने खेळ करणाऱ्यांवर सोपवीन.