तटस्थ पोर्तुगीज युद्धात उतरले कसे?

भिवंडीकरांनो, हा किस्सा आपल्या खाडीचा! १६८२-८३ मध्ये कल्याण-भिवंडीच्या मुलखात मोगल फौजा उतरल्या होत्या. एवढ्या माणसा-जनावरांना दाणागोटा आणायचा कुठून? घाटवाटांवर मराठे. राहिली खाडी, आणि तिच्या नाक्यावर ठाणे-वसईचे पोर्तुगीज. म्हणायला तटस्थ; पण मोगलांच्या रसदेची गलबतं त्यांनी ठाण्यावरून खुशाल सोडली. संभाजीराजांच्या लेखी तटस्थपणा तिथंच संपला. १६८३ मध्ये तारापूर पेटलं, चौलला वेढा पडला. मग नोव्हेंबरात गोव्याचा विजरई कोंदि द आल्व्होर स्वतः फोंड्यावर चालून गेला आणि सपाटून मार खाऊन परतला. पोर्तुगीजांनी मोगलांना वाट दिली, त्यामागे माझ्या मते मोगल बादशहा औरंगजेबाची भीती हे निम्मंच कारण. कोकणातला मुलूख पदरात पडेल, ही हावही होतीच.