अमेरिकेत पोपट पाळायचाय? आधी डोशाचा तवा बघा

आजोळच्या पिंजऱ्यातला मिठू आठवला की इथेही पोपट आणावासा वाटतो. पण घाई करू नका. (भारतात तर देशी पोपट पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.)

पहिला प्रश्न स्वयंपाकघराचा. नॉनस्टिक तवा फार तापला की टेफ्लॉनच्या लेपातून निघणारा वायू पोपटाचा काही मिनिटांत जीव घेऊ शकतो. म्हणून डोशाला बिडाचा तवा वापरा, आणि तसा लेप असलेला एअर फ्रायरही नको. मिरची खुशाल द्या, पक्ष्यांना ती तिखट लागत नाही. अॅव्होकाडो मात्र विषच.

दुसरा प्रश्न आयुष्याचा. मकाव जातीचा पोपट ५० वर्षंही जगतो. तुमच्यानंतर त्याला कोण सांभाळणार? आणि बुद्धी! शास्त्रज्ञ आयरीन पेपरबर्ग यांचा आफ्रिकन ग्रे पोपट अॅलेक्स रंग, आकार सांगायचा, वस्तू मोजायचा. २००७मध्ये तो गेला, ३१ वर्षांचा होऊन. असा जीव दिवसभर एकटा राहिला तर स्वतःची पिसं उपटू लागतो.

कायदे राज्यागणिक वेगळे. क्वेकर पोपट कॅलिफोर्नियात पाळता येत नाही.

दुकानात जाण्याआधी कोलोरॅडोतल्या गॅब्रिएल फाउंडेशनसारख्या संस्थांकडे चौकशी करा. घर सुटलेल्या पोपटांना अशा संस्था नवं घर शोधून देतात.