बेटावरची नोकरी आणि उरलेला वेळ

मागच्या काही भागांत आपण परदेशी नोकरीचा करार, पगार आणि विमा यांवर बोललो. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला : "सर, कामाचं समजलं. पण काम संपल्यावर तिथं करायचं काय?" प्रश्न साधा वाटतो, पण माझ्या मते परदेशातली नोकरी टिकते की मोडते, हे बहुतेक वेळा याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं. म्हणून आजचा भाग फक्त त्यावर.

उदाहरण मॉरिशसचं घेतो. लष्करातून निवृत्त झाल्यावर तीन वर्षं मी तिथे एका खाजगी कंपनीत सुरक्षा व्यवस्थापक होतो. आता मुक्काम दिल्लीत, करोल बागेत. इथे राहणाऱ्या मराठी माणसाला घर सोडणं म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. बीडनपुरा, रेगरपुऱ्याच्या गल्ल्यांत सोनं गाळणारी दुकानं आहेत. त्यांतले कितीतरी गलाईवाले सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, विटा भागातले. वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी मामाचं किंवा चुलत्याचं बोट धरून मुलगा इथे येतो आणि भट्टीपुढे बसतो. अशाच एका मुलाला, आता तो सत्तावीसचा आहे, मॉरिशसमधल्या दागिन्यांच्या कारखान्याकडून दोन वर्षांच्या करारासाठी बोलावणं आलंय. नवीन लग्न झालंय, गावाकडे बहिणीच्या लग्नाचं कर्ज आहे. "जाऊ का?" असं त्यानं मला विचारलं. आज जे सांगतोय, ते त्याला सांगितलं तेच.

आधी हिशेब करू. आठवड्याचे तास 168. मॉरिशसच्या 2019 च्या कामगार हक्क कायद्यानुसार सर्वसाधारण कामाचा आठवडा 45 तासांचा. झोपेचे रोज आठ धरले तर 56. येणं-जाणं, स्वयंपाक, धुणं, आंघोळ यांना रोज साडेतीन तास, म्हणजे साधारण 25. बेरीज करा, 126 होते. उरले 42 तास. ओव्हरटाइम केला तर कमी उरतील, पण शून्य होणार नाहीत. दोन वर्षांत हे चार हजारांहून जास्त तास होतात. कराराच्या कागदात या तासांबद्दल एक ओळही नसते.

फौजेत हे फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. जवान गोळीला जितका खचत नाही, तितका रिकामेपणाला खचतो. म्हणून संध्याकाळी गेम्स परेड असते, म्हणून बडाखाना असतो, म्हणून दूरच्या चौकीवरसुद्धा एक कॅरम आणि एक व्हॉलीबॉल पोचवलाच जातो. ही चैन नव्हे, बंदोबस्त आहे. नागरी नोकरीत हा बंदोबस्त करणारा सुभेदार नसतो. तो तुम्हालाच व्हावं लागतं.

आता बेट कसं आहे ते बघा. मुख्य बेट उत्तर-दक्षिण साधारण 65 किलोमीटर, रुंदी 45. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. जाहिरातीत जे दिसतं ते किनाऱ्याचं ऊन. पण बेटाच्या मधोमध पठार आहे. क्युरपीप हे गाव सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर, तिथे पाऊस आणि धुकं नेहमीचं. ऋतू आपल्या उलट : नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, मे ते ऑक्टोबर हिवाळा. जुलैत पठारावर स्वेटर लागतो. म्हणून खोली कुठे मिळणार हे आधी विचारा. ग्राँ बे किंवा फ्लिक-आँ-फ्लाकला राहणं आणि क्युरपीपला राहणं, यांत फार फरक आहे.

दुसरी गोष्ट, रात्र लवकर होते. करोल बागेत रात्री दहाला अजमल खान रोडवर खांद्याला खांदा घासतो. तिथे पर्यटकांचे भाग सोडले तर दुकानं संध्याकाळीच बंद होतात, बस विरळ होत जातात आणि गाव शांत होतं. 2020 च्या जानेवारीपासून मेट्रो एक्स्प्रेस ही ट्राम प्रवाशांसाठी सुरू झाली, ती आता पोर्ट लुईहून क्युरपीपपर्यंत जाते. तिच्या मार्गावर खोली असेल तर संध्याकाळ थोडी मोठी होते. नसेल, तर सात वाजता तुम्ही आणि चार भिंती. पहिले दोन महिने समुद्राच्या नवलाईत जातात. माणूस खचायला लागतो तो तिसऱ्या महिन्यात. माझ्या हाताखालचा एक चांगला मुलगा पाचव्या महिन्यात परत गेला. काम उत्तम करत होता, त्रास कुणाचाच नव्हता. "संध्याकाळ जात नाही सर," एवढंच म्हणाला. करार मोडल्यामुळे तिकिटाचा खर्च त्याच्या अंगावर आला आणि घरचं कर्ज होतं तिथेच राहिलं.

मग करायचं काय? मी चार भाग करतो : शरीर, माणसं, घर आणि पैसा.

शरीर. समुद्र फुकट आहे. हॉटेलांनी काठ व्यापलेला दिसला तरी वाळूवर चालायला सगळ्यांना मोकळीक आहे. सार्वजनिक किनारे भरपूर आहेत, त्यांवर सुरूची झाडं आहेत, अगदी आपल्या कोकणासारखी. बेटाभोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळाची भिंत असल्यामुळे आतलं पाणी उथळ आणि शांत असतं. पण दोन सूचना पक्क्या लक्षात ठेवा. या भिंतीत जिथे खिंडी आहेत तिथे ओढ जबरदस्त असते. आणि दक्षिणेला सुइयाकजवळ ग्री-ग्रीला ही भिंतच नाही, तिथल्या लाटा बघायच्या, पाण्यात उतरायचं नाही. आटपाडीच्या माणसाला पोहणं कुठून येणार? तर तिथे शिका, कमरेएवढ्या पाण्यात, जाणत्या माणसाबरोबर. डोंगर आवडत असेल तर ल पूस आहे, म्हणजे अंगठा, 812 मीटर. कळसूबाई चढलेल्याला तो सकाळचा फेरफटका. वरून अर्धं बेट दिसतं.

उन्हाळ्यात चक्रीवादळं येतात. तिथे इशाऱ्याचे चार वर्ग आहेत. तिसरा वर्ग लागला की कामं थांबतात आणि सगळे घरी जातात. तेव्हा एक-दोन दिवस खोलीतच काढावे लागतात. पाणी, कोरडं खाणं, बॅटरी आणि एखादं जाडजूड पुस्तक आधीच घेऊन ठेवा.

माणसं. हा सगळ्यांत मोठा भाग, आणि आपले लोक इथेच कमी पडतात. आठ जण एका खोलीत, आठही भारतीय, सुट्टीच्या दिवशी मोबाइल. तीन वर्षांनी विचारलं तर मॉरिशसचा एकही माणूस ओळखीचा नाही. तिथे घराघरांत क्रिओल बोलतात, वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंच, सरकारी कागद इंग्रजीत. हिंदी बरेच जण समजतात. पण "की मन्येर?" म्हणजे "कसं काय?", हे दोन शब्द उच्चारून बघा. दालपुरीवाल्याच्या चेहऱ्यावर हसू येतं आणि चटणी थोडी जास्त पडते. रोज पाच शब्द शिकलात तर सहा महिन्यांत बाजार, बस आणि गप्पा या तिन्ही गोष्टी जमतात.

आणि तिथे आपली माणसंही आहेत, हे पुष्कळांना माहीत नसतं. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ॲटलस जहाजातून 36 गिरमिटिया मजूर पोर्ट लुईला उतरले, तिथून हा ओघ सुरू झाला. पुढच्या काळात साडेचार लाखांच्या आसपास माणसं उसाच्या मळ्यांसाठी आली. बहुसंख्य बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली, पण मुंबई बंदरातून कोकणातली आणि देशावरची मराठी माणसंही आली. ज्या पायऱ्या चढून ही माणसं आत गेली ते ठिकाण म्हणजे आप्रवासी घाट. 2006 साली ते जागतिक वारसा झालं. सुट्टीचा एक दिवस तिथे जरूर द्या. तुमचाही करार आहे, त्यांचाही करार होता. फरक असा की तुम्हाला तो वाचता येतो.

त्या मराठी लोकांच्या आजच्या पिढ्या घरी मुख्यतः क्रिओल बोलतात. पण आरत्या, भजनं, लग्नातले विधी मराठीत. कोकणातलं जाखडी नृत्य तिथे झाकरी म्हणून जिवंत आहे. कास्कावेल भागात मराठी वस्ती आहे, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवतात आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. अशा ठिकाणी जाताना एक पथ्य पाळा. त्यांची मराठी दुरुस्त करायला जाऊ नका. पावणेदोनशे वर्षं समुद्रापलीकडे शाळा-पुस्तकांच्या आधीपासून त्यांनी ती सांभाळली आहे. शिवाय ते भारतीय नाहीत, मॉरिशियन आहेत आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. पाहुणा म्हणून जा, टाळ हातात घ्या, जेवणाच्या पंगतीला वाढायला उभे राहा. ओळख आपोआप होते.

रविवारी किनाऱ्यावर कुटुंबंच्या कुटुंबं पातेली घेऊन येतात. रवान नावाचा डफासारखा ढोल वाजतो, सेगा सुरू होतो. हे गुलामगिरीतल्या माणसांचं संगीत, 2014 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. ऐकायला उभे राहिलात तर बहुधा कुणीतरी प्लेट पुढे करतं. घ्या. पुढच्या रविवारी तुम्ही पोहे न्या.

घर. मॉरिशसचं घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे. तुम्ही जेवून साडेआठला फोन लावलात तर गावी दहा वाजलेले असतात, आई झोपलेली आणि बायको दिवसभराच्या कामानं दमलेली. म्हणून कामावरून आल्याबरोबर, साडेसहाला फोन करा. तिकडे आठ असतात, सगळे जागे असतात. ठरलेली वेळ, वीस मिनिटं. दिवसभर थोडं थोडं बोलत राहिलं की ना इथलं काम नीट होतं, ना तिथलं घर. आणि रडगाणं रोज सांगू नका, पण सगळं झकास आहे असंही सांगू नका. घरच्यांना आवाजावरून कळतं.

पैसा. रिकामा वेळ महाग असतो. तिथे कॅसिनो आहेत, शँ द मार्सला 1812 पासूनचं घोड्यांच्या शर्यतींचं मैदान आहे, रम स्वस्त आणि चांगली आहे. मी उपदेश करत नाही, मेसमध्ये मीही बसलोय. पण एकट्यानं, रोज, खोलीत पिणं सुरू झालं की समजा बंदोबस्त मोडला. मनोरंजनाला महिन्याची ठरावीक रक्कम बाजूला काढा आणि ती खर्चही करा. दालपुरी, बसभाडं, महिन्यातून एक सहल. सगळाच पगार घरी पाठवणारा माणूस लवकर वैतागतो, आणि वैतागलेला माणूस एका रात्रीत सहा महिन्यांची बचत उडवतो.

जाण्याआधी मालकाला हे पाच प्रश्न लेखी विचारा. खोली कोणत्या गावात, किती जणांची? साप्ताहिक सुट्टी कोणत्या वाराची, आणि खोलीतल्या सगळ्यांना एकाच दिवशी का? रात्री बाहेर जाण्या-येण्यावर बंधन आहे का? पासपोर्ट माझ्याजवळच राहील ना? घरी आजारपण किंवा मृत्यू झाला तर तिकीट कोणाचं? एजंट मध्ये असेल तर त्याची नोंदणी ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढंच घेता येतं.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे. करोल बागेत बाजार सोमवारी बंद असतो. त्या दिवशी हे सगळे गलाईवाले कपडे धुतात, क्रिकेट खेळतात, गावाकडच्या माणसाला भेटतात, मंडळाच्या गणपतीच्या वर्गणीवरून भांडतात. हे सगळं त्याला तयार मिळालं, कारण मामा आधी आला होता. मॉरिशसला मामा नाही. करोल बागेत माणसं आहेत, जागा नाही. बेटावर जागा आहे, माणसं आपण जोडायची. मी त्याला म्हटलं, पगार चांगला आहे, करार नीट आहे, जा. पण पहिल्या पगारातून एक व्हॉलीबॉल घे, आणि खोलीतल्या सात जणांना संध्याकाळी साडेपाचला बाहेर काढ. नेट बांधायला सुरूची झाडं आहेतच.

बायकोला पुढच्या वर्षी महिनाभर तिकडे नेता येईल का, हा त्याचा पुढचा प्रश्न होता. व्हिसा, तिकीट आणि खोलीचा खर्च धरून त्याचा हिशेब पुढच्या भागात मांडू. जय हिंद.